वाटेवरची रताळी

वाटसरूचा वाटेकाठच्या पिकावर काही हक्क पोचतो काय? प्रश्न लहान दिसतो, पण २०१९ सालच्या महाशिवरात्रीपासून तो माझी पाठ सोडीत नाही.

त्या वर्षी आम्ही ७० माणसे टाळ-वीणा घेऊन देवगड तालुक्यातील कुणकेश्वरास पायी निघालो. वारकरी शिवरात्रीला कसे, असे कोणी विचारील. पण पांडुरंगानेच शिवाला मस्तकी धरले, तेथे भेद करणारे आपण कोण? मंदिर अगदी दर्याच्या काठी. समुद्रस्नान करून दर्शन घ्यावे, असा तिकडचा प्रघात. वाट कापलेल्या भातखाचरांतून, चवळीच्या कडेने, मोहरलेल्या आंब्यांखालून जाते.

दिवस उपासाचा. ऊन चढले. एका उतारावर रताळ्यांचा लहानसा मळा लागला. कोणी एक वेल उपटला, आणि मग सगळ्यांचेच हात मातीत गेले. 'बुवा, दोन-दोनच घेतली हो,' म्हणत मलाही दिली. मी खाल्ली. बांधावर एक म्हातारी उभी होती. तिने वीण्याला हात जोडले. बोलली काही नाही.

खरे सांगतो, तेव्हा मला शास्त्र आठवले, तेही सोयीचे. शिधा संपलेल्या वाटसरू द्विजाने परक्या शेतातून दोन ऊस व दोन मुळे घेतले तर त्याला दंड करू नये, असे मनुस्मृतीच्या आठव्या अध्यायात आहे. (द्विजाची अट वारकऱ्याच्या दारी चालत नाही, ती सोडून देऊ.) पण समुद्रात कमरेइतक्या पाण्यात उभा राहिलो आणि त्यातला एकेक शब्द बोचू लागला. शिधा संपलेला म्हटले आहे. आमच्या गाठोड्यांत वऱ्याचे तांदूळ होते, शेंगदाणे होते. एकट्या वाटसरूचे म्हटले आहे. ७० जणांची दोन-दोन म्हणजे १४० रताळी, तिचा मळाच आटोपला. आणि दंड माफ म्हणजे दोषही माफ, असे तेथे कोठे आहे? त्याच ग्रंथात मांसाच्या प्रकरणी नुसती अनुमती देणारालाही घातक म्हटले आहे. मी तर दिंडीचा पुढारी, आणि तोंडात रताळे.

एकटा भुकेला दारी आला असता तर तिला 'नाही' म्हणता आले असते. टाळ वाजवीत देवाच्या नावाने आलेल्यांना ती काय म्हणणार? हात जोडले ते वीण्याला, आम्हांला नव्हे.

परतताना पैसे घेऊन तिच्याकडे गेलो. 'देवाक दिल्याचे पैसे कशे घेव, बुवा?' म्हणाली. मग हळूच सांगितले, ती रताळी जत्रेत विकायची होती. पैसे घेतले नाहीतच.

२०२० साली निघण्यापूर्वी प्रत्येकाचा शिधा मी स्वतः पाहिला. त्या उतारावर आलो तर मळ्याला काट्यांची वई घातलेली. वाटेच्या बाजूनेच तेवढी होती.