उघडे शस्त्र आणि झाकलेले शस्त्र

आमचे एक वृद्ध स्नेही मध्यंतरी आपल्या मुलाकडे अमेरिकेतील टेक्सस राज्यात चार महिने राहून आले. परत आल्यावर तेथील रुंद रस्ते, ग्रंथालये, घरामागची हिरवळ यांचे वर्णन त्यांनी केलेच. परंतु त्यांच्या मनात रुतून राहिली होती ती एका किराणा दुकानाच्या दारावरची पाटी. इंग्रजी व स्पॅनिश अशा दोन भाषांत, इंचभर उंचीच्या अक्षरांत, कायद्याच्या कलमाचा हवाला देऊन तीत बजाविले होते की, पिस्तूल उघडपणे अंगावर बाळगणाऱ्या परवानाधारकाने आत येऊ नये. स्नेह्यांना ती वाचून हायसे वाटले. तेव्हा मुलगा म्हणाला, 'बाबा, ही पाटी उघड्या पिस्तुलापुरती आहे. झाकलेल्या पिस्तुलासाठी निराळी पाटी लागते, आणि ती या दुकानदाराने लावलेली नाही.' 'त्या क्षणापासून', स्नेही आम्हांस सांगत होते, 'दुकानातल्या प्रत्येक माणसाच्या सदऱ्याच्या टोकाकडे माझी नजर जाऊ लागली. आत शिरण्यापूर्वी पाटी वाचलीच नसती तर बरे झाले असते असे वाटले.'

मुलापुढचा पेच याहून बिकट होता. आळीत दोन चोऱ्या झाल्यापासून त्यानेही पिस्तूल घ्यावे असा शेजाऱ्यांचा आग्रह चालला होता. आणि घेतलेच तर ते कमरपट्ट्याला उघडे लावावे की सदऱ्याखाली झाकून ठेवावे, यावर त्याचे मित्र तासन् तास वाद घालीत. त्याने वडिलांचे मत विचारले. आयुष्यभर शाळेत गणित शिकविलेल्या त्या गृहस्थांना उत्तर सुचले नाही, आणि तो प्रश्न त्यांनी परत येताना आमच्यासाठी आणिला. त्याचा विचार करू लागल्यावर आमच्या ध्यानी आले की, हा केवळ पिस्तुलाच्या म्यानाचा प्रश्न नाही. आपल्या हाती असलेले सामर्थ्य भोवतालच्या अनोळखी माणसांस दिसू द्यावे की न द्यावे, आणि यांतील काय केले असता त्यांचा मान राखला जातो, असा तो प्रश्न आहे.

मुळात शस्त्र बाळगावे की नाही, याचा खल आम्ही येथे करीत नाही. आपल्या देशात १८७८ च्या कायद्याने परक्या सरकारने प्रजेला निःशस्त्र केले, आणि स्वातंत्र्यानंतर झालेल्या १९५९ च्या कायद्यानेही परवान्याचे बंधन कायम ठेविले. त्यामुळे बाजारात जाताना पिस्तूल कसे न्यावे, हा विचार करण्याचा प्रसंग आपल्या सामान्य गृहस्थावर येत नाही. अमेरिकेत तो रोजचा आहे. घराबाहेर आत्मरक्षणार्थ पिस्तूल बाळगणे हा घटनादत्त हक्क आहे, असा निर्णय तेथील सर्वोच्च न्यायालयाने २०२२ साली दिला. तेव्हा तेथे जाऊन स्थायिक झालेल्या आपल्या मुलांपुढे हा प्रश्न येणारच.

या प्रश्नाचा इतिहास मोठा उद्बोधक आहे. एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी अमेरिकेत लोकमताचा कौल आजच्या अगदी उलट होता. केंटकी व लुइझियाना या राज्यांनी १८१३ सालीच लपविलेल्या शस्त्राविरुद्ध कायदे केले. लुइझियानाच्या श्रेष्ठ न्यायालयाने १८५० साली अशी बंदी उचलून धरताना जो विचार मांडिला, त्याचा आशय असा की, उघडे शस्त्र मर्दाच्या संरक्षणाला शोभते, आणि लपविलेले शस्त्र दगाबाजाच्या घाताला. ज्याला काही लपवावयाचे आहे त्याच्या मनात काळेबेरे असलेच पाहिजे, ही त्या काळची धारणा होती.

आज तोच देश निराळ्या रीतीने वागतो. टेक्ससचेच पाहा. १८७१ च्या कायद्याने तेथे पिस्तूल घेऊन हिंडण्यास सर्वसाधारण मनाई झाली, व ती थोड्याफार फरकाने सव्वाशे वर्षे टिकली. १९९१ साली किलीन गावच्या एका भोजनगृहात एका माथेफिरूने २३ माणसे ठार केली. त्यांत जिचे आईबाप डोळ्यांदेखत गेले अशा एका स्त्रीने कायद्याच्या भयाने आपले पिस्तूल बाहेर मोटारीत ठेविले होते. तिच्या साक्षीने लोकांची मने हलली, यात नवल नाही. १९९५ साली कायदा होऊन पुढील वर्षापासून परवाने मिळू लागले, ते मात्र झाकलेल्या पिस्तुलाचे. उघड्या पिस्तुलाला मुभा मिळावयास २०१६ साल उजाडले. आणि १ सप्टेंबर २०२१ पासून, एकवीस वर्षे पुरी झालेल्या व कायद्याने अपात्र न ठरलेल्या माणसाला परवान्याचीही गरज उरली नाही. तरीही पुष्कळ दुकानदारांनी दारावर पाटी लाविली ती उघड्या शस्त्राविरुद्ध. शंभर-दीडशे वर्षांपूर्वी जे सभ्य होते ते आता असभ्य ठरले, आणि जे नीच होते ते शिष्टाचारात जमा झाले.

असे का व्हावे? आमच्या मते याचे कारण वस्तीच्या बदललेल्या स्वरूपात आहे. जुन्या खेड्यात जो तो एकमेकांस ओळखत असे. कमरेला पिस्तूल लावून येणारा कोण, कोणाचा, त्याचे कोणाशी वाकडे, हे सर्वांस ठाऊक असे. अशा ठिकाणी उघड्या शस्त्राने कोणास नवे काही कळत नसे. लपविलेले शस्त्रच तेवढे विपरीत वाटे. शहरात शेजारी उभा असलेला मनुष्य अनोळखी असतो. त्याच्या कमरेचे पिस्तूल एवढीच त्याची ओळख होऊन बसते. तो सज्जन असेल. पण त्याच्या मनात काय आहे ते आपणांस दिसत नाही, पिस्तूल मात्र दिसते.

उघड्या शस्त्राच्या बाजूने बोलणाऱ्यांचा युक्तिवाद हलका लेखण्याजोगा नाही. ते म्हणतात, 'आम्ही कोणास फसवीत नाही. आमच्यापाशी काय आहे ते सर्वांनी पाहावे, आणि ज्यास भय वाटेल त्याने खुशाल दूर जावे. चोरालाही ते दिसेल व तो वाटेस जाणार नाही.' यांतील प्रामाणिकपणा आम्हांस मान्य आहे. परंतु प्रामाणिकपणा म्हणजे केवळ वस्तू दाखविणे नव्हे. ती दाखविल्याने समोरच्याच्या मनावर काय परिणाम होतो, याचीही जबाबदारी त्यात येते. पिस्तूल कमरेला लावून कोणी रांगेत उभा राहिला आणि त्याने चुकून आपल्या पुढे घुसखोरी केली, तर 'अहो, रांग इकडे आहे' हे साधे वाक्य आपण पूर्वीच्याच आवाजात उच्चारू शकू काय? त्याने धमकी दिलेली नसते. तरीही आपला आवाज खाली येतो. नागरिकांत जे समानतेचे बोलणे चालावे त्याला असा उणेपणा येतो, आणि तो शस्त्रधाऱ्याच्या लक्षातही येत नाही, कारण त्याचा स्वतःचा आवाज खाली आलेला नसतो.

२०१९ च्या ऑगस्टमध्ये टेक्ससमधील एल पासो शहरी वॉलमार्टच्या दुकानात भीषण हत्याकांड झाले. त्यानंतर काही माणसे केवळ आपला हक्क गाजविण्यासाठी शस्त्रे उघडी घेऊन त्या कंपनीच्या दुकानांत हिंडू लागली, आणि गिऱ्हाइके घाबरली. शेवटी सप्टेंबरमध्ये कंपनीने विनंती केली की, जेथे कायद्याने मुभा आहे तेथेही कोणी उघडे शस्त्र आत आणू नये. परवानाधारकांच्या झाकलेल्या पिस्तुलांविषयीचे धोरण मात्र तिने बदलले नाही. हा निर्णय व्यापारी खरा. तथापि त्यात एक नैतिक समज आहे. जेथे आई लेकराचा हात धरून दूध-पाव घ्यावयास आली आहे, तेथे आपल्या सामर्थ्याचे प्रदर्शन मांडणे हा तिचा अपमान आहे.

उघडेपणाच्या पक्षात आणखी एक वैगुण्य आहे. तो सर्वांस सारखा परवडत नाही. १९६७ च्या मे महिन्यात कॅलिफोर्नियात 'ब्लॅक पँथर' पक्षाचे कृष्णवर्णीय तरुण, शस्त्रबंदीच्या एका विधेयकाचा निषेध म्हणून, बंदुका उघड्या घेऊन सॅक्रामेंटोच्या विधिमंडळात शिरले. तोवर तसे करणे तेथे कायदेशीर होते. ते विधेयक थोड्याच दिवसांत मंजूर झाले, आणि भरलेली बंदूक घेऊन सार्वजनिक ठिकाणी वावरण्यास बंदी झाली. पुढे २०१६ साली मिनेसोटात पोलिसाने मोटार थांबविली असता एका कृष्णवर्णीय गृहस्थाने आपण होऊन, शांतपणे सांगितले की, आपल्यापाशी पिस्तूल आहे. त्याच्याजवळ परवानाही होता. काही क्षणांतच पोलिसाच्या गोळ्यांनी तो गाडीतच कोसळला व मरण पावला. पोलीस पुढील वर्षी निर्दोष सुटला. उघडपणा हा सद्गुण खरा. परंतु तो आचरणारा कोण आहे यावर त्याचे फळ ठरत असेल, तर तो सर्वांसाठी नियम म्हणून सांगणे न्यायाचे होणार नाही. आमच्या स्नेह्यांचा मुलगाही तेथे वर्णाने निराळाच दिसतो, हे विसरून चालणार नाही.

मग झाकलेले शस्त्र निर्दोष म्हणावे काय? तसेही म्हणवत नाही. मराठी मनाला गुप्त शस्त्र म्हटले की प्रतापगडाचा पायथा आठवतो. १६५९ च्या त्या भेटीस शिवाजी महाराज अंगरख्याखाली चिलखत व हातात वाघनखे घेऊन गेले, आणि त्याबद्दल आपण त्यांस दोष देत नाही. उलट त्यांची सावधगिरी वाखाणतो. पण त्याचे कारण विसरू नये. ती भेट शत्रूची होती. दोन्ही पक्षांस परस्परांचा संशय होता, आणि खानाचा हेतू महाराज ओळखून होते. जो मनुष्य रोज वाघनखे घालून वाण्याच्या दुकानी जातो, त्याने वाण्याला व शेजारच्या गिऱ्हाइकांना मनातल्या मनात अफझलखान ठरविले आहे काय, हे त्याने स्वतःलाच विचारावे. झाकलेल्या शस्त्राचा खरा धोका हा आहे. ते दुसऱ्यास भिववीत नाही, पण बाळगणाऱ्याला हळूहळू संशयी करू शकते.

दुसरा धोका प्लेटोने फार पूर्वी दाखविला आहे. त्याच्या 'रिपब्लिक' या ग्रंथात गायजीस नावाच्या मेंढपाळाची कथा येते. त्याला अदृश्य करणारी अंगठी सापडते आणि तो राजाचा घात करून राज्य बळकावितो. आपणांस कोणी पाहत नाही असे ठाऊक असताना मनुष्य नीतीने वागेल काय, असा तेथे प्रश्न आहे. सदऱ्याखालचे पिस्तूल ही लहानशी गायजीसची अंगठीच होय. माणूस दिसतो, सामर्थ्य दिसत नाही. उघड्या पिस्तुलावर निदान दहा जणांची नजर असते. झाकलेल्यावर एकट्या धन्याचीच.

या दोन्ही बाजू तोलून पाहता आमचे मत असे झाले आहे की, शस्त्र बाळगावयाचेच असेल तर ते झाकून बाळगणे अधिक सभ्यपणाचे आहे. मात्र त्याची किंमत बाळगणाऱ्याने मोजिली पाहिजे. उघडे शस्त्र आपले ओझे दुसऱ्यांवर टाकते. सावध त्यांनी राहावयाचे, आवाज त्यांनी खाली आणावयाचा. झाकलेल्या शस्त्राचे ओझे ज्याचे त्यानेच वाहिले पाहिजे. त्याने भांडणापासून दोन पावले मागे राहावे, अपमान गिळावा, मद्य घेऊ नये, कारण त्याच्या भोवतालच्या माणसांना आपण कोणाशी वाद घालीत आहोत याची कल्पना नाही. इतरांस जे ठाऊक नाही त्याचे भान त्यांच्या वतीने त्याने ठेवावे.

परंतु असे भान प्रत्येकास असेलच, हे समाजाने काय म्हणून गृहीत धरावे? येथेच परवान्याचे महत्त्व आहे. रस्त्यातल्या लोकांस जे पाहता येत नाही ते त्यांच्या वतीने कोणी तरी आधी पाहिलेले असावे. या मनुष्यास नेम धरता येतो, कायदा ठाऊक आहे, याची खातरजमा झालेली असावी. ही झाकलेल्या शस्त्राची किमान अट होय. अमेरिकेतील राज्यांचा ओघ उलट दिशेने आहे. २०२४ पर्यंत २९ राज्यांत परवान्याची अट नव्हती. उघड्या शस्त्राला एक वेळ परवाना नसला तरी लोकांचे डोळे असतात. झाकलेल्या शस्त्राला परवानाही नसेल, तर त्यावर नजर कोणाचीच राहत नाही. शस्त्रे वाढली म्हणजे गुन्हे घटतात, या म्हणण्याचा आधार घेतला जातो. परंतु अमेरिकेच्या राष्ट्रीय संशोधन परिषदेच्या समितीने २००४ साली उपलब्ध पुरावा तपासून असे म्हटले की, या कायद्यांनी गुन्हे घटतात किंवा वाढतात, यांपैकी कोणताच निष्कर्ष त्यावरून काढता येत नाही. जेथे लाभाची खात्री नाही, तेथे सावधगिरी सोडण्यात शहाणपण नाही.

आमच्या स्नेह्यांस आम्ही हेच कळविले. मुलाने पिस्तूल घेऊ नये असे आम्हांस मनातून वाटते, आणि तेही आम्ही लपविले नाही. पण त्याच्या दाराशी येणारा चोर आमच्या दाराशी येत नाही, म्हणून आम्ही आग्रह धरिला नाही. घेतलेच तर कायद्याने सूट दिली असली तरी परवाना काढावा, शिक्षण घ्यावे, ते झाकून ठेवावे, आणि ज्या दिवशी मनात राग असेल त्या दिवशी घरी कुलुपात ठेवावे.

आठ दिवसांनी स्नेही पुन्हा भेटले. मुलाला आमचा निरोप पोहोचला होता. त्याने एवढेच विचारले होते, 'राग आहे की नाही हे रोज सकाळी मला कोण सांगणार?' स्नेह्यांनी त्याला अजून उत्तर धाडलेले नव्हते. आमच्याजवळही त्याचे उत्तर नव्हते. परंतु हा प्रश्न ज्याला पडला, त्याच्या शेजारी रांगेत उभे राहावयास आम्हांस भय वाटणार नाही, एवढे आम्ही त्यांस सांगितले.