हरल्यानंतरचा कणखरपणा

हरल्यावर पुढाऱ्याचा कणखरपणा कशात दिसतो? १६ मार्च २०१८ रोजी अमेरिकेच्या महाविद्यालयीन बास्केटबॉल स्पर्धेत व्हर्जिनिया विद्यापीठाचा अग्रमानांकित संघ मेरीलँड विद्यापीठाच्या बाल्टिमोर कौंटी शाखेकडून ७४–५४ असा हरला. पुरुषांच्या या स्पर्धेत सोळाव्या मानांकनाच्या संघाने पहिल्याला हरवल्याचे तोवर कधी घडले नव्हते. प्रशिक्षक टोनी बेनेट हे ख्रिस्ती विश्वासणारे. प्रतिपक्षच सरस खेळला, हे त्यांनी लागलीच कबूल केले.

२०१९ साली तोच संघ विजेता ठरला. उपदेशात ही गोष्ट सांगताना आपण येथेच घाईने येतो. जणू देवाने धीराची मजुरी चुकती केली! पण त्या वर्षी उपांत्य सामन्यात ०.६ सेकंद उरले असता काइल गाय याने तिन्ही फ्री थ्रो साधले, म्हणून ऑबर्नवर ६३–६२ अशी सरशी झाली. त्यांतले दोन हुकले असते, तर बेनेट यांचे आदल्या वर्षीचे वागणे हलके ठरले असते काय? आम्हांस तसे वाटत नाही. रोमकरांस पत्राच्या पाचव्या अध्यायात पौल संकटातून धीराकडे, धीरातून शीलाकडे आणि शीलातून आशेकडे नेतो. चषकाचा तेथे उल्लेख नाही. शब्बाथशाळेतला जो मुलगा पुढल्या वर्षीही हरणार आहे, त्याला आपण ही गोष्ट कोठवर सांगणार?