ज्या प्रश्नाला गिऱ्हाईक नाही

एखाद्या मुलाच्या शस्त्रक्रियेसाठी पैसे मागितले की माणसे खिशात हात घालतात. संशोधनासाठी मागितले की विचारतात, ‘यातून निघणार काय?’ प्रामाणिक उत्तर ‘आत्ताच सांगता येत नाही’ एवढेच असते. अमेरिकेतल्या काही पालकांनी हे अवघड दान चिकाटीने मागितले.

त्यांच्या मुलांना इओसिनोफिलिक इसोफॅजायटिस हा अन्ननलिकेचा आजार होता. इओसिनोफिल या पांढऱ्या पेशी निरोगी अन्ननलिकेत नसतात. या आजारात त्या तिथे ठाण मांडतात, अस्तर सुजते, काहींची नळी पुढे अरुंद होते. लहान मुले ओकतात, जेवायला नको म्हणतात, वजन धरत नाहीत. मोठ्यांचा घास अडकतो. खाण्याचे नखरे समजून दुर्लक्ष होणे सोपे असते. १९९०च्या दशकापर्यंत या आजाराला स्वतंत्र ओळखही नव्हती. १९९५ मध्ये दहा मुलांना नेहमीचे अन्न थांबवून अमिनो आम्लांचे पेय दिले, तेव्हा त्यांचा त्रास गेला किंवा कमी झाला, आणि मुळाशी अन्न आहे हे दिसले.

इलिनॉय राज्यात २००३ मध्ये एका रुग्ण-कुटुंबाच्या पुढाकाराने ‘क्युअर्ड’ ही संस्था निघाली. तिने जमवलेला पैसा सिनसिनाटीच्या बाल रुग्णालयातील डॉ. मार्क रोथेनबर्ग यांच्या केंद्रासारख्या ठिकाणी संशोधनासाठी गेला. औषध कंपन्यांना तेव्हा या आजारात फारसे काही दिसत नव्हते. डुपिलुमॅब हे इंजेक्शन या आजारासाठी अमेरिकेत मंजूर झाले ते २०२२ मध्ये, एक वर्षावरच्या मुलांसाठी २०२४ मध्ये. पण इसब आणि दम्यासाठी ते आधीच बाजारात होते.

कंपनीने नफा पाहावा, यात गैर काही नाही. पण नफा नसलेले प्रश्न कोणी विचारायचे? या आजारात दूध, गहू, अंडी, सोया, मासे आणि शेंगदाणे-सुकामेवा असे सहा गट बंद करण्याचा उपचार रूढ होता. एवढे वगळून रोजचा स्वयंपाक कसा करायचा, हे त्या घरातल्या आईलाच ठाऊक! २०२३ मध्ये १२९ प्रौढांवरील चाचणी प्रसिद्ध झाली. सहा आठवड्यांनी, सहाही गट सोडलेल्यांपैकी ४० टक्क्यांचा आणि फक्त दूध सोडलेल्यांपैकी ३४ टक्क्यांचा आजार आटोक्यात होता. फरक संख्याशास्त्राच्या कसोटीवर टिकणारा नव्हता. ‘आधी दूध तेवढे बंद करून पाहा’ या सल्ल्याची बाटली भरून विकता येत नाही. हे काम सरकारी पैशावर चालणाऱ्या संशोधक-जाळ्याने केले. रुग्णांच्या संस्था त्या जाळ्याच्या भागीदार आहेत.

वर्गणीच्या पैशाची खरी जागा अशा, नफा नसलेल्या प्रश्नांपाशी आहे. आणखी एक उदाहरण पाहा. उपचार लागू पडला का, हे पाहायला मुलाला पुन्हा पुन्हा भूल देऊन दुर्बीण घालावी लागते. त्याऐवजी दोरा बांधलेली कॅप्सूल गिळायची, तासाभराने दोरा ओढून घ्यायचा आणि त्यावरचा स्राव तपासायचा, अशी चाचणी संशोधकांनी तयार केली आहे. मुलाची भूल टळणे हा मोठा लाभ आहे, भले त्यातून कोणाची तिजोरी भरो न भरो.

मात्र मागणाऱ्यांवरही बंधन हवे. रडत्या मुलाचा फोटो छापून ‘लवकरच इलाज’ असे आश्वासन देणे म्हणजे दात्याला फसवणे. कोणता प्रश्न, तो कोण सोडवणार, किती काळ लागेल, हे आधी सांगावे. आणि प्रयोग फसला तर तेही जाहीर करावे, कारण न छापलेले अपयश दुसरी प्रयोगशाळा पुन्हा विकत घेते, तेही दुसऱ्या पालकांच्या पैशाने.