न्यूट्रल आणि निवृत्ती

अवधूताच्या चोवीस गुरूंची कथा दत्तभक्तांना नव्याने सांगायला नको. यदुराजाने विचारलं आणि अवधूताने पृथ्वी, वायू, आकाशापासून सापापर्यंत, कोळ्यापर्यंत साऱ्यांची नावं घेतली. बाण करणारा कारागीर त्यात आहे, पिंगला वेश्याही आहे. एवढ्या मोकळ्या यादीला मोटारीच्या गिअरचं शेपूट जोडलं तर महाराज रागावणार नाहीत, असं धरून चार शब्द लिहितो.

माझ्याकडे जुनी मारुती ८०० आहे. चारच गिअर. नवीन शिकणारा गिअर कितवा पडलाय हे पाहायला दांडीकडे बघतो, आणि शेजारी बसलेला उस्ताद ओरडतो, ‘खाली नको, रस्त्याकडे बघा!’ मुरलेल्या माणसाला चालत्या गाडीत एकदम विचारा, ‘आत्ता कितव्यात आहात?’ तो क्षणभर अडखळेल. पण गाडी चुकीच्या गिअरमध्ये नसते. दुसऱ्यावर जास्त पळवली की इंजिन ओरडतं, चौथ्यावर फार हळू घेतली की गाडी धडधडते, रडते. हे कानाला कळतं, पायाला कळतं, तळहाताला कळतं. मुलाच्या नव्या गाडीत समोर आकडाच दिसतो, वर बाण दाखवून ‘आता पुढचा टाका’ असंही ती सुचवते. सोय चांगली आहे. पण कान मात्र तयार होत नाही, असं माझं मत.

मात्र एका ठिकाणी हा तयार कानसुद्धा फसतो. ते ठिकाण म्हणजे उतारावरचा न्यूट्रल.

चौथ्यात सपाट रस्त्यावर गाडी शांत चालते. उतारावर न्यूट्रल केली तर त्याहूनही शांत. इंजिनाचा आवाज नाही, ओढ नाही, नुसती तरंगत जाते. चालवणाऱ्याला वाटतं, वा, काय सुरेख चाललीय! खरं तर त्या वेळी इंजिनाचा आणि चाकांचा काही संबंधच उरलेला नसतो. गिअरमध्ये असताना पाय काढला की इंजिन चाकांना मागे ओढून धरतं. न्यूट्रलमध्ये ते धरणं सुटतं, सगळा भार ब्रेकवर येतो. ब्रेक तापतात, तापले की लागेनासे होतात. इंजिनच बंद केलं तर आणखी वाईट, कारण ब्रेकला आणि स्टिअरिंगला त्याची जी मदत असते तीही जाते.

नरसोबाच्या वाडीहून दर्शन करून परतताना हे दरवेळी मनात येतं. साताऱ्याकडून येताना कात्रजचा नवा बोगदा संपला की नवले पुलापर्यंत सलग उतार आहे. तिथल्या अपघातांच्या बातम्या तुम्हीही वाचल्या असतील. अवजड गाडी न्यूट्रलमध्ये सोडणं किंवा इंजिन बंद करणं, हे कारण त्यांत वारंवार येतं. पुढे लोणावळ्यानंतर बोरघाटाचा उतार, तिथेही तीच तऱ्हा. आमच्या तळोजात एमआयडीसीमुळे ट्रेलरवाले भरपूर. चहाच्या टपरीवर एकाला मी विचारलं, ‘का रे बाबा, असं करता?’ तो हसून म्हणाला, ‘काका, उतारावर गाडी फुकट पळते. डिझेल वाचतं, तेवढेच आपले दोन पैसे.’

मी बँकेत कारकुनी केलेला माणूस, ‘फुकट’ हा शब्द मला पचत नाही. एका खात्यात खर्च दिसत नसेल तर तो दुसऱ्या कुठल्या तरी खात्यात नावे पडलेला असतो, एवढं नक्की. वाचलेलं डिझेल ब्रेकच्या खात्यात नावे पडतं, आणि एखाद्या दिवशी समोरच्या गाडीतल्या माणसांच्या. तेही आता सगळं वाचतं असं नाही. आजकालच्या इंजिनांत गिअर असताना उतारावर पाय काढला की इंधन जवळजवळ बंदच होतं. न्यूट्रलमध्ये मात्र इंजिन चालू ठेवायला ते जळत राहतं.

आता मुद्द्यावर येतो. आमच्या संध्याकाळच्या कट्ट्यावर बहुतेक सगळे निवृत्त. तिथे एक वाक्य फार ऐकू येतं: ‘मी आता कशात नाही हो. मन काढून घेतलंय.’ ऐकणारे माना डोलावतात. एका गृहस्थांना सख्ख्या भावाच्या आजारपणाचा फोन आला, तर म्हणाले, ‘ज्याचं त्याचं प्रारब्ध.’ आणि पुन्हा जपाची माळ हातात घेतली. दोघातिघांना ते वैराग्य वाटलं. मला तो उतारावरचा न्यूट्रल वाटला. त्या गृहस्थांना मी नावं ठेवत नाही. चाळीस वर्षं चढ चढून दमलेल्या माणसाला दांडी मधे टाकावीशी वाटते, त्यात पाप नाही. प्रश्न एवढाच की, आतून मिळणारी शांतता दोन्हीकडे सारखीच असेल, तर आपण कशात आहोत हे ओळखायचं कसं?

इथे मला अवधूताचा नववा गुरू आठवतो, अजगर. तो जागचा हलत नाही, आपोआप येईल तेवढंच खातो. आळशी माणसाला हा गुरू फार आवडतो! पण भागवतात त्याचं वर्णन नीट पाहा. तो पडून आहे, पण त्याला झोप लागलेली नाही. अंगात बळ आहे, इंद्रियं शाबूत आहेत. म्हणजे इंजिन चाकांपासून सुटलेलं नाही, नुसता पाय काढलेला आहे.

आणि गाडीत ओळखायची सोपी युक्ती आहे. ॲक्सिलरेटर जरा दाबून बघा. गिअरमध्ये असेल तर गाडी पुढे सरकते, न्यूट्रलमध्ये नुसता आवाज होतो. ‘अरेरे, फार वाईट झालं हो’ असं आपण मोठ्याने म्हणतो आणि जागचे उठत नाही, तेव्हा तो नुसता आवाज असतो.

थोरले बंधू गेल्यावर वहिनी गावी एकट्या राहिल्या. विसरायला लागल्या होत्या, गॅस चालू ठेवून शेजारी जाऊन बसायच्या. माझा तेव्हा गाणगापूरला चार महिने राहायचा बेत ठरला होता. कट्ट्यावर सल्ला मिळाला, ‘आता कशाला पुन्हा प्रपंचात पडता?’ सल्ला गुळगुळीत होता, ऐकायला गोडही. पण मी गाणगापूरला गेलो असतो तर वहिनींचा भार कुणाच्या खात्यात नावे पडला असता? आमच्या सौ.च्या. त्या मला न विचारताच गावी जाऊन राहिल्या असत्या, हे मला माहीत होतं. वहिनींना तळोजाला घेऊन आलो, त्याला दीड वर्ष झालं. गाणगापूर राहिलं, त्याची रुखरुख आहेच. ही आसक्ती की कर्तव्य, असं कट्ट्यावर अजून विचारतात. मला त्याचं उत्तर ठाऊक नाही. चाक फिरलं, एवढंच सांगू शकतो.

न्यूट्रलला जागा नाही असं मात्र नव्हे. सिग्नलला गाडी उभी आहे, हँडब्रेक ओढलाय, तिथे क्लच दाबून बसणं शहाणपणाचं नाही. देवळात आरती झाल्यावर खांबाला टेकून बसतो ती दहा मिनिटं मी अशीच घेतो. तेव्हा उतार नसतो, मागे कुणी हॉर्न वाजवत नसतं.

घरी दिवसा वहिनींचं सगळं सौ. बघतात, रात्र माझ्याकडे आहे. वहिनी दर गुरुवारी दत्ताचा उपास धरतात. वार विसरतात, उपास विसरत नाहीत. परवा रात्री दोनला उठून आल्या आणि विचारलं, ‘भाऊजी, आज गुरुवार ना?’ म्हटलं, ‘नाही वहिनी, शुक्रवार लागला.’ ‘मग उपास सोडू?’ मी दूध गरम करून दिलं. त्यांनी अर्धं प्यायलं, अर्धं माझ्यासाठी ठेवलं.