खोटे बोलायला लावणारा प्रश्न



पावसाळ्यात महाविद्यालयीन प्रवेशाची धावपळ संपते आणि नुकतीच बारावी उत्तीर्ण झालेली आपली मुले-मुली गावाकडून पुण्या-मुंबईच्या वसतिगृहांत दाखल होतात. आमच्या मशिदीतील एक नमाजी गृहस्थ गतवर्षी रोज इशानंतर हौजाच्या कट्ट्यावर बसून मुंबईतील मुलाला फोन लावीत. प्रश्न एकच असे : "पाचही झाल्या ना?" उत्तरही एकच : "हो, अब्बा." मग सलाम आणि फोन बंद. त्यांची ही दक्षता पाहून आम्ही सारे त्यांचे कौतुक करीत असू.

दिवाळीच्या सुट्टीत तो मुलगा एकटाच मला भेटायला आला. त्याच्या अनुमतीनेच हे लिहीत आहे. तो म्हणाला, "मौलाना, पहिल्या आठवड्यात एकदा फज्र सुटली. अब्बांना सांगायची हिंमत झाली नाही, 'हो' म्हणून गेलो. पुढे सुटत गेल्या आणि 'हो' तसाच राहिला. आता नमाजला उभा राहिलो की त्या खोट्याचीच लाज वाटते, म्हणून उभाच राहवत नाही."

मी सांगतो ते ऐकून तुम्हीच विचार करा : हे खोटे कोणाचे? प्रत्येक जीव स्वतःचे ओझे स्वतःच वाहतो, हे कुरआनचे स्पष्ट तत्त्व आहे. तेव्हा बोलणाऱ्याचे उत्तरदायित्व टळत नाही. परंतु ज्या प्रश्नाला एकच उत्तर चालते, तो प्रश्न खरोखर विचारलेला असतो काय? खरे सांगितल्यास काय होईल या भयाने अठरा वर्षांचा मुलगा खोटे बोलतो, तेव्हा ते भय कोणी निर्माण केले, हेही विचारावे लागेल.

येथे कोणी म्हणेल, मग विचारूच नये काय? आक्षेप रास्त आहे. घरच्यांना नमाजची आज्ञा करा, असे सूरह ताहामध्ये सांगितले आहे, आणि प्रत्येक जण आपल्या कळपाचा राखणदार असून त्याला त्याविषयी जाब द्यावा लागेल, अशी प्रेषितांची (स.) शिकवण आहे. पण ताहामधील त्याच आयतीत आज्ञेला लागून धैर्याने टिकून राहण्याचाही आदेश आहे. आपण पहिला भाग उचलतो, दुसरा विसरतो.

ह. मालिक बिन हुवैरिस (रजि.) यांची हदीस सहीह बुखारीत आहे. मदरशात ती आम्ही नमाजच्या प्रकरणात शिकलो, कारण प्रेषितांना (स.) नमाज पढताना जसे पाहिले तशीच पढावी, हा आदेश तिच्यात येतो. मीही खुतब्यांत तेवढाच भाग सांगत आलो. त्या मुलाने प्रश्न टाकल्यानंतर ती पुन्हा पहिल्यापासून वाचली. एकाच वयाचे काही तरुण दीन शिकण्यासाठी मदीनेला येऊन वीस दिवस राहिले होते. म्हणजे परगावी आलेले विद्यार्थीच ते. त्यांना घरची ओढ लागली आहे, हे प्रेषितांच्या (स.) लक्षात आले. त्यांनी प्रथम विचारले, की मागे घरी कोणाकोणाला सोडून आलात? तरुणांनी सांगितले. मग त्यांना घरी परतण्यास सांगितले, घरच्यांना शिकवण्यास सांगितले, आणि त्यानंतर अजान व नमाजचा विषय आला. हा क्रम मला पूर्वी कधी दिसला नव्हता. घर आठवले म्हणून कोणाला दुबळ्या ईमानाचे म्हटले गेले नाही. मक्केच्या आठवणीने ह. बिलाल (रजि.) मदीनेत तापाने फणफणले असताना व्याकूळ झाले, तेव्हाही प्रेषितांनी (स.) मदीना आम्हाला प्रिय कर, अशी दुआच केली.

आता आपल्या मुलाकडे पाहा. गावच्या ज्युनिअर कॉलेजात पहिला येणारा तो शंभर जणांच्या वर्गात मागच्या बाकावर बसतो. मराठी वा उर्दू माध्यमातून आलेला असेल तर इंग्रजी व्याख्यान अर्धे निसटते. मेसची डाळ घशाखाली उतरत नाही. खोलीतले सोबती रात्री दोनपर्यंत जागतात, मग फज्रला जाग कशी यावी? यातले काहीच त्या एका मिनिटाच्या फोनमध्ये मावत नाही.

मुलींच्या बाबतीत तर प्रश्नामागे धमकीच असते : "काही कमी-जास्त झाले तर परत घेऊन येऊ." म्हणून एखादीला विषय अवघड जातो, एखाद्याचा त्रास होतो, आणि ती घरी सांगत नाही. सांगितले तर त्रास देणारा तेथेच राहील आणि शिक्षण हिचे सुटेल, हे तिला ठाऊक असते. काही पालक ओळखीच्या विद्यार्थ्याला मुलावर नजर ठेवायला सांगतात. कोणाचे गुपित हुडकू नका, असा सूरह हुजुरातचा निषेध आहे. आपली मुले त्यातून वगळल्याचे माझ्या वाचनात नाही.

त्या मुलाला मी तौबा करायला आणि सुटलेल्या नमाजा थोड्या थोड्या करून कजा करायला सांगितले. अब्बांना खरे सांगण्यासाठी मी सोबत येतो म्हटले, तर तो म्हणाला, "नको, मीच सांगतो." त्या रात्री दोघांत काय बोलणे झाले, मी विचारलेले नाही. यंदा ते गृहस्थ इशानंतर कट्ट्यावर बसतात तेव्हा फोन बराच वेळ चालतो. मेसमध्ये आज काय होते, खोलीत पाणी गळते का, प्रॅक्टिकल किती वाजता सुटते, असे काहीबाही विचारीत असतात. मध्येच एकदा हसून म्हणाले, "अरे, मग उठल्याबरोबर पढलास ना? बस."