अशुद्ध कोण?

जो घाण दूर करितो तोच अशुद्ध, हा न्याय कोठला? नुकतेच काटोलबाहेर संत्र्यांच्या बागांमधून पायी जात असता उंच आकाशात एक गिधाड अवचित दृष्टीस पडले. सोबतच्या गृहस्थाने अपशकुन म्हणून लागलीच मान फिरविली.

लेवीय अकराव्या अध्यायात गिधाड निषिद्ध पक्ष्यांत गणिले आहे, हे खरे. परंतु तेथे प्रश्न ताटाचा आहे, आणि त्या पक्ष्याचा उत्पन्नकर्ताही परमेश्वरच आहे. मेलेली ढोरे खाऊन तो गावाची रोगराई टाळीत असे. 1990 नंतरच्या दशकात गिधाडे लाखोंनी मेली. डायक्लोफेनॅक हे दुखण्यावरील औषध दिलेले ढोर खाताच त्यांचे मूत्रपिंड निकामी होई, हे 2004 साली कळले. 2006 साली सरकारने जनावरांसाठी त्यास बंदी केली. ढोरे उघड्यावर कुजू लागली, तेव्हा कोठे गिधाडाचे मोल कळले.

मनुष्यांविषयी हा अन्याय याहून घोर आहे. मनुष्य पक्षी नव्हे. तो देवाच्या प्रतिरूपाचा आहे. तरी मेली ढोरे ओढण्याचे काम ज्यांच्या माथी मारिले, त्यांनाच गावाने वेशीबाहेर ठेविले. 1950 साली अंमलात आलेल्या राज्यघटनेने अस्पृश्यता नष्ट केली. मनांतून ती गेली काय?

यापो येथे पेत्राने पाहिलेल्या चादरीत आकाशातील पाखरेही होती. परंतु त्या दर्शनाचा अर्थ त्याला कर्नेल्याच्या घरी, माणसांमध्ये उमगला. आपल्या मंडळीत गटार उपसणाऱ्या बंधूच्या पंगतीस बसावयास कोणी कचरत असेल, तर त्याने प्रभुभोजनाच्या मेजाजवळ येण्यापूर्वी आपले अंतःकरण तपासावे.