बदल्यात काही न देणारं जनावर

बैलाला वैरण घालतो, तो राबतो. गाईला पेंड घालतो, ती दूध देते. आपल्या मायेत व्यवहार असतोच.

अमेरिकेतल्या नातवानं बॉल पायथन पाळलाय, पश्चिम आफ्रिकेतला छोटा अजगर. भ्याला की अंगाचा गोळा करून डोकं मधी लपवतो. नवा आणला की आठवडाभर हात लावायचा नाही. लपायला दोन जागा, एक उबेला, एक गारव्याला. आठ-दहा दिवसांनी एक उंदीर. खाल्ल्यावर दोन दिवस पुन्हा लांब. नीट राखला तर वीस-तीस वर्षं जगतो. शेपटी हलवून ओळख काही देत नाही.

मग माया कुठाय? मला वाटतं, त्या लांब ठेवलेल्या हातात. तेवढा दम नसंल, तर आणूच नये.